सुरांचा यजमान : रूडॉल्फ बिंग

१९९७ सालच्या सप्टेंबर महिन्याचा पहिला आठवडा आमच्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. ३१ ऑगस्टला पॅरिसमध्ये राजकन्या डायना अपघातात दगावली आणि ५ सप्टेंबरला कलकत्त्यात मदर तेरेसांनी देह ठेवला. घराघरांत दूरदर्शन संच सुरू होते, आणि जपमाळ हातात धरून बसलेल्या वृद्ध स्त्रियासुद्धा त्यावरून नजर हलवीत नव्हत्या. या दोन मृत्यूंच्या मधोमध, २ सप्टेंबरला, न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावी पंच्याण्णव वर्षांचा एक वृद्ध निवर्तला. त्याची वार्ता आपल्याकडे कुणाच्या कानी आली नाही, आणि आली असती तरी त्या आठवड्यात तिच्याकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत कोण होते? सर रूडॉल्फ बिंग हे त्याचे नाव. तो गायक नव्हता, वादक नव्हता, वाद्यवृंदाचा संचालकही नव्हता. आयुष्यभर त्याने एकच काम केले. गाणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना एका छपराखाली आणून बसवले.

आपल्या गावच्या सणाला देऊळ गाण्याने भरून जाते, तेव्हा त्यामागे कुणीतरी महिनाभर राबलेले असते. तालमीसाठी माणसे गोळा करणारा, व्हायोलिनवाल्याला दुसऱ्या गावाहून बोलावणारा, दोन रुसलेल्या गायकांना एका बाकावर बसवणारा, आणि सण आटोपल्यावर हिशेबाची वही घेऊन बसणारा. त्याचे नाव गीतपत्रिकेवर छापत नाहीत. बिंग हे अशाच माणसांच्या जातीचे. फरक इतकाच, की त्यांच्या वाट्याला आलेले गाव युद्धाने मोडून पडलेले युरोप होते, आणि रुसलेल्यांच्या दरम्यान नुसता रुसवा नव्हता, रक्त होते. म्हणून त्यांची कहाणी सांगावीशी वाटते.

रूडॉल्फ बिंग यांचा जन्म ९ जानेवारी १९०२ रोजी व्हिएन्ना शहरी एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील पोलाद-उद्योगातले बडे प्रस्थ. मुलाचे मन मात्र शिक्षणात फारसे रमले नाही. तो ह्यूगो हेलर यांच्या पुस्तकाच्या दुकानात कामाला लागला. या हेलर महाशयांचा दुकानाच्या जोडीला संगीताच्या बैठकी ठरवण्याचाही उद्योग होता. कुठल्या गायकाला किती मानधन, सभागृहाचे भाडे किती, किती तिकिटे खपली म्हणजे तोटा टळतो, हे सारे बिंग तिथे शिकले. १९२८ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथील नाट्यगृहात ते दिग्दर्शक कार्ल एबर्ट यांचे साहाय्यक झाले आणि पुढे एबर्ट यांच्याबरोबरच बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग ऑपेरागृहात आले. तिशी उलटलेला, उंच, सडपातळ, बोलण्यात कमालीचा सभ्य आणि हिशेबात कमालीचा कडक असा हा तरुण तिथे स्थिरावतो न स्थिरावतो तोच १९३३ साल उजाडले. हिटलर सत्तेवर आला आणि बिंग यांची नोकरी गेली.

त्याच सुमारास इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात एक विलक्षण गोष्ट घडत होती. जॉन ख्रिस्ती नावाच्या एका जमीनदाराने आपल्या ग्लाइंडबोर्न येथील वाड्याला लागून जेमतेम तीनशे आसनांचे ऑपेरागृह बांधले होते. पत्नी ऑड्री मिल्डमे ही गायिका, तिच्यासाठी हा खटाटोप. ख्रिस्तीसाहेबांचा ओढा वॅग्नरकडे होता, पण एवढ्याशा जागेत मोझार्टच शोभेल हे बाईंनी त्यांना पटवले. संगीताची बाजू सांभाळायला जर्मनी सोडून आलेले फ्रिट्झ बुश आणि रंगमंचासाठी तेच कार्ल एबर्ट असे दोघे मिळाले. गायक मिळवण्यासाठी एबर्ट यांना आपल्या जुन्या साहाय्यकाची आठवण झाली. २८ मे १९३४ रोजी मोझार्टच्या ‘फिगारोचा विवाह’ने ग्लाइंडबोर्नचा पडदा उघडला. बिंग पुढे तिथले व्यवस्थापक झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. नाझींनी ज्यांना हाकलले, त्यांच्या हातून इंग्लंडला तोवर ठाऊक नसलेल्या तोलाचा मोझार्ट ऐकायला मिळाला. हिटलरने कळत-नकळत दुसऱ्या देशांची जी भर केली, तिची एखाद्याने कधी मोजदाद करावी.

युद्ध सुरू झाले आणि ग्लाइंडबोर्नचे महोत्सव थांबले. आता बिंग यांनी पोट कसे भरावे? लंडनच्या स्लोन चौकात ‘पीटर जोन्स’ नावाचे मोठे दुकान आहे. कापडचोपड, भांडीकुंडी, फर्निचर, सगळे एका छपराखाली. तिथे ते नोकरीला लागले. या काळाबद्दल त्यांच्या बोलण्यात कधी कडवटपणा नसे. दुकानात काढलेली ती वर्षे पुढे ऑपेरागृह चालवताना उपयोगी पडली असे ते मानीत, आणि आम्हाला ते पटते. रुष्ट ग्राहक आणि रुष्ट गायिका यांच्याशी बोलायची रीत फारशी वेगळी नसावी.

एडिनबरो महोत्सवाच्या जन्माची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९४० साली ग्लाइंडबोर्नची मंडळी एक संगीतनाटक घेऊन दौऱ्यावर असताना एडिनबरोला आली होती. रात्री खेळ आटोपल्यावर बिंग आणि ऑड्री मिल्डमे प्रिन्सेस रस्त्यावरून चालले होते. समोर खडकावर उभा असलेला किल्ला चांदण्यात न्हाऊन निघालेला. ऑस्ट्रियातले साल्झबुर्गही असेच किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले आहे, आणि तिथला संगीत महोत्सव जगप्रसिद्ध. बिंग यांना आपला गमावलेला देश तिथे दिसला असेल तर नवल नाही. गोष्ट सुंदर आहे. पण हिशेबाच्या वहीतली गोष्टही सांगायला हवी. ग्लाइंडबोर्नला युद्धानंतर पुन्हा उभे राहायचे तर पैसा हवा होता, आणि एखाद्या मोठ्या शहरातील महोत्सवाचा आधार मिळाला तर मंडळी टिकेल असा बिंग यांचा व्यवहारी विचार होता. आधी त्यांनी ऑक्सफर्डकडे पाहिले. तो बेत बारगळला. तेव्हा ब्रिटिश कौन्सिलचे हेन्री हार्वी वुड यांच्याशी बोलताना एडिनबरोचे नाव निघाले. चांदणे आणि नफा-तोटा दोन्ही खरे. थोर संस्था एकाच निर्मळ हेतूतून जन्मतात असे मानण्याची आपल्याला सवय आहे. आमच्या पाहण्यात तसे क्वचितच घडते.

एडिनबरो हे गाव मात्र मोठे सोवळे. जॉन नॉक्सने जिथून स्कॉटलंडची धर्मसुधारणा गाजवली ते हे शहर. नाटक, संगीत, रोषणाई यांकडे तिथली जुनी मंडळी जरा भुवया उंचावूनच पाहत. शहरातील सर्वांत मोठे संगीत-सभागृह अशर हॉल. ते अँड्र्यू अशर नावाच्या व्हिस्कीच्या कारखानदाराच्या देणगीतून उभे राहिले, हा तिथला एक जुना विनोद. अशा शहराचे नगरप्रमुख सर जॉन फाल्कनर या परक्या उच्चारांच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतात, आणि नुसते ऐकत नाहीत तर त्याच्या पाठीशी उभे राहतात, हे त्या घटनेतील खरे आश्चर्य. नगरपालिकेने रक्कम दिली, सरकारी कला-मंडळाने दिली, आणि लॉर्ड रोझबेरी यांनी आपल्या ‘ओशन स्वेल’ या घोड्याने शर्यतीत मिळवलेले १०,००० पौंड दिले असे सांगतात. शर्यतीच्या पैशातून मोझार्ट! नॉक्सच्या आत्म्याला काय वाटले असेल कोण जाणे.

महोत्सव भरला २४ ऑगस्ट १९४७ रोजी. तारखेकडे वाचकांनी जरा पाहावे. आपल्याकडे तिरंगा फडकून नऊ दिवस झाले होते. पंजाबात माणसे माणसांना कापीत होती. ज्या साम्राज्याचा सूर्य मावळत होता त्याच्या घरी तेव्हा पाव शिधापत्रिकेवर मिळत होता. आधीचा हिवाळा इतका कडक, की कोळसा संपून कारखाने बंद पडले होते. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी हॉटेले पुरेनात, म्हणून गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या रिकाम्या करून दिल्या. किल्ल्यावर रात्री प्रकाशझोत टाकावेत अशी आयोजकांची इच्छा होती. इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी साफ नकार दिला. देशात चुली पेटायला कोळसा नाही आणि तुम्ही दगड उजळता? मंत्र्यांचे म्हणणे काही चुकीचे नव्हते. पण एडिनबरोच्या नागरिकांनी आपापल्या वाट्याचा कोळसा देऊ केला, आणि शेवटी मंत्र्यांना काही रात्रींपुरती परवानगी द्यावी लागली. सहा वर्षे काळोखात काढलेल्या माणसांना उजेड हवा होता. ती काही चैन नव्हती.

सेंट जाइल्सच्या देवळात उपासनेने प्रारंभ झाला. मग तीन आठवडे कार्यक्रमांची रीघ. पॅरिसहून कोलोन वाद्यवृंद आला. लंडनच्या ओल्ड व्हिक मंडळीने शेक्सपिअर आणला आणि त्यात दुसरा रिचर्ड राजा झाला होता अॅलेक गिनेस. मार्गो फाँटेनची नृत्यनाटिका, लुई जुव्हेचे फ्रेंच नाटक, आणि किंग्ज थिएटरात ग्लाइंडबोर्नची दोन संगीतनाटके. पण तो महोत्सव ज्यासाठी आजही स्मरणात आहे तो प्रसंग सप्टेंबरातला आहे, आणि त्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

ब्रूनो वॉल्टर हे त्या काळच्या सर्वश्रेष्ठ वाद्यवृंदसंचालकांपैकी एक, जन्माने ज्यू. तरुणपणी ते गुस्ताव्ह माहलर या संगीतकाराचे शिष्य आणि साहाय्यक होते. माहलरही ज्यू, व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेराचे संचालकपद मिळावे म्हणून १८९७ साली त्याने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला होता. नाझींना असल्या बाप्तिस्म्याशी कर्तव्य नव्हते. त्यांनी माहलरचे संगीत बंद केले. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला तेव्हा वॉल्टर परदेशात होते. ते परतले नाहीत. ज्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर त्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्या वाद्यवृंदाने आपल्या ज्यू वादकांना बाहेर काढले. त्यांत आर्नोल्ड रोझे होते, सत्तावन्न वर्षे पहिल्या व्हायोलिनच्या मानाच्या खुर्चीवर बसलेले, माहलरचे मेहुणे. रोझे लंडनला पळाले. त्यांची कन्या आल्मा, तीही व्हायोलिनवादक, आउशवित्झच्या छळछावणीत कैदी स्त्रियांचा वाद्यवृंद चालवताना १९४४ साली मरण पावली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये, एडिनबरोच्या महोत्सवाच्या बरोबर एक वर्ष आधी, रोझेही लंडनमध्येच गेले.

आणि बिंग यांनी काय केले? त्यांनी वॉल्टर यांना बोलावले, आणि बोलावले ते व्हिएन्ना फिलहार्मोनिकला घेऊनच. वॉल्टर यांनी होकार दिला आणि त्या होकारासरशी जगभरच्या कलावंतांची दारे बिंग यांना उघडली गेली. नऊ वर्षांनी गुरू आणि त्याची माणसे समोरासमोर आली. बाकांवर काही जुने चेहरे होते, काही नव्हते. का नव्हते ते सर्वांना ठाऊक होते.

११ सप्टेंबरला अशर हॉलमध्ये त्यांनी माहलरची ‘पृथ्वीचे गीत’ ही रचना सादर केली. जर्मनीत उतरवलेल्या चिनी कवितांवर बेतलेली ही रचना माहलरला स्वतःला कधी ऐकायला मिळाली नाही. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १९११ साली, म्यूनिकमध्ये ती प्रथम सादर केली वॉल्टर यांनीच. एडिनबरोला स्त्री-स्वरासाठी निवडली गेली कॅथलीन फेरिअर, लँकेशायरची एक मुलगी, पूर्वी टेलिफोन केंद्रात नोकरी करणारी. तिचा स्वर खालच्या पट्टीतला, भरदार आणि उबदार. शेवटच्या भागात जगाचा निरोप घेताना ‘अनंतकाळ’ या अर्थाचा एकच शब्द पुन्हा पुन्हा, हळूहळू विरत जाणाऱ्या सुरांत येतो. फेरिअरचा कंठ दाटला. अखेरचे ते शब्द तिला नीट म्हणताच आले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर आपल्या हातून मोठी चूक झाली म्हणून तिने वॉल्टर यांची क्षमा मागितली. वॉल्टर यांनी तिची समजूत घातली ती अशी, की आम्ही सारे तुझ्यासारखे कलावंत असतो तर आम्हीही रडलो असतो. सहा वर्षांनी, १९५३ च्या ऑक्टोबरात, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने तिला नेले.

या प्रसंगाचे वर्णन नेहमी समेटाची पवित्र घटिका म्हणून केले जाते, आणि आम्हीही पूर्वी ते तसेच वाचले व तसेच मानले. पण २०१३ साली त्या वाद्यवृंदाने इतिहासकारांकडून आपल्या दप्तराची तपासणी करवून ती प्रसिद्ध केली. तिच्यातून कळले, की १९४२ साली १२३ वादकांपैकी ६० जण नाझी पक्षाचे सदस्य होते, आणि काढून टाकलेल्या ज्यू सहकाऱ्यांपैकी पाच जण छावण्यांत व वस्त्यांत मेले. युद्धानंतर कारवाई झाली ती मोजक्यांवर. म्हणजे त्या रात्री अशर हॉलमध्ये वाजवणाऱ्या बऱ्याच हातांनी जुन्या पक्षाचे सदस्यपत्र कधीतरी धरले होते. क्षमा मागितल्याशिवाय क्षमा मिळते काय? पापनिवेदनात पश्चात्तापाला किती महत्त्व आहे हे आपल्याला बालपणापासून शिकवलेले. एडिनबरोला पश्चात्तापाचा उच्चार कुणी केला नाही. नुसते वाद्य हाती घेतले. वॉल्टर यांना ते पुरेसे वाटले असेल, किंवा पुरेसे नसतानाही त्यांनी ते स्वीकारले असेल. आर्नोल्ड रोझे हयात असते तर त्यांना तिकीट काढून यावेसे वाटले असते का, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

बिंग यांच्यापुरते बोलायचे तर ते यात क्षमाशील संत नव्हते. त्यांची कसोटी सोपी व थोडी कठोर होती: वाजवणारा चांगला वाजवतो का? पुढे न्यूयॉर्कला त्यांनी नॉर्वेची थोर गायिका कर्स्टन फ्लागस्टाड हिला परत बोलावले, तेव्हा हीच कसोटी लावली. १९४१ साली ती जर्मनांच्या ताब्यातील मायदेशी नवऱ्याकडे परतली होती, आणि नवऱ्याचे व्यवहार संशयास्पद होते. अमेरिकेत तिच्याविरुद्ध प्रचंड राग होता. जो स्वतः नाझींमुळे देशोधडीला लागला त्यानेच तिला रंगमंच दिला. लोकांना हे कळत नसे. आम्हालाही ते पूर्णपणे कळले आहे असा आमचा दावा नाही.

एडिनबरोच्या पहिल्या वर्षी आणखी एक गोष्ट बिंग यांच्या नियोजनाबाहेर घडली. आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी खेळ लावले. त्या आगंतुकांतूनच पुढे ‘फ्रिंज’ नावाचा स्वतंत्र सोहळा वाढला आणि आकाराने मूळ महोत्सवाच्याही पुढे गेला. १९४८ साली स्कॉटलंडच्या चर्चच्या सभागृहात सोळाव्या शतकातील एक स्कॉटिश नाटक शतकांनंतर उभे राहिले. त्यात तत्कालीन कॅथलिक धर्मगुरूंची यथेच्छ खिल्ली आहे, आणि ती काही अगदीच निराधार नव्हती. १९४९ साली टी. एस. एलियट यांच्या ‘द कॉकटेल पार्टी’चा पहिला प्रयोगही तिथेच झाला. तीन महोत्सव पार पाडून बिंग गेले. पण त्यांनी घातलेला पाया इतका रुंद होता, की १९६३ साली लॉर्ड हेअरवुड संचालक असताना त्याच व्यासपीठावर एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या आणि बालसरस्वती नाचल्या.

१९५० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराची सूत्रे बिंग यांच्या हाती आली, आणि पुढली बावीस वर्षे ते त्या घराचे अनभिषिक्त राजे होते. टोपी, छत्री, काटेकोर शिष्टाचार आणि जिभेला धार. पहिल्या रात्रीसाठी, ६ नोव्हेंबर १९५० ला, त्यांनी निवडले ते व्हर्दीचे ‘डॉन कार्लो’. त्यात स्पेनचा राजा दुसरा फिलिप आणि नव्वदीचा आंधळा इन्क्विझिटर यांचा एक भयंकर प्रवेश आहे. राजाला पुत्रवध करायचा आहे आणि धर्माधिकारी त्याला पाठिंबा तर देतोच, वर आणखी एक बळी मागतो. कॅथलिक श्रोत्याला तो प्रवेश ऐकताना आसनात चुळबुळ झाल्याशिवाय राहत नाही. आपल्याला तर त्याचे एक जादा कारण आहे. हाच फिलिप १५८१ पासून मृत्यूपर्यंत पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोव्याचा आणि आपल्या वसईचाही धनी. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० पासून चालू होतेच. व्हर्दीने कल्पनेने रंगवलेला तो म्हातारा आमच्या पूर्वजांना कल्पनेतला वाटला नसता.

न्यूयॉर्कमधील बिंग यांची भांडणे वर्तमानपत्रांना फार आवडत. मारिया कॅलास हिला त्यांनी १९५८ साली तार करून काढून टाकले आणि १९६५ साली दोन रात्रींसाठी परत आणले. त्यावर पुस्तके लिहिली गेली आहेत, आम्ही त्यात भर घालीत नाही. त्यांच्या हातून झालेल्या ज्या गोष्टीचे मोल आम्हाला सर्वांत अधिक वाटते ती निराळी. मेट्रोपोलिटनची स्थापना १८८३ ची. त्या काळापासून एकाही कृष्णवर्णीय गायकाने तिथे प्रमुख भूमिका गायिली नव्हती. १९३९ साली मॅरिअन अँडरसन हिला वर्णामुळे वॉशिंग्टनच्या एका सभागृहाने दार बंद केले होते, आणि त्या ईस्टरच्या रविवारी ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पाऊण लाख लोकांपुढे गायली होती. ७ जानेवारी १९५५ रोजी बिंग यांनी तिला मेट्रोपोलिटनच्या रंगमंचावर उभे केले, व्हर्दीच्या ‘मुखवट्यांचे नृत्य’ या संगीतनाटकातील भविष्य सांगणाऱ्या उल्रिकाच्या भूमिकेत. पडदा उघडताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गायला सुरुवात करणे तिला कठीण झाले. तिचे वय तेव्हा सत्तावन्न होते. आवाजाचा बहर ओसरला होता. वीस वर्षे आधी हे घडायला हवे होते, हे सर्वांना कळत होते आणि सर्व टाळ्या वाजवीत होते. बिंग यांनाही गादीवर येऊन चार वर्षे उलटली होती, तेवढा उशीर त्यांच्याही खाती मांडलाच पाहिजे. मात्र दार एकदा उघडल्यावर त्यांनी ते मिटू दिले नाही. त्याच महिन्यात रॉबर्ट मॅकफेरिन आला, आणि १९६१ साली लिओंटीन प्राइस. तिला पहिल्याच रात्री श्रोत्यांनी चाळीस मिनिटांहून अधिक वेळ मानवंदना दिली.

४ मार्च १९६० ची रात्र मात्र बिंग यांना जन्मभर विसरता आली नाही. लिओनार्ड वॉरन हा तिथला फार लाडका गायक, ज्यू घरात जन्मलेला आणि पुढे कॅथलिक झालेला. व्हर्दीचे ‘नियतीचे सामर्थ्य’ चालू होते. वॉरनने आपले मोठे गीत संपवले, टाळ्या घेतल्या, पुढच्या ओळीकडे वळला आणि रंगमंचावर कोसळला. पडदा पडला. प्रेक्षक वाट पाहत बसले. काही वेळाने बिंग स्वतः पडद्यापुढे आले आणि त्यांनी वॉरनच्या मृत्यूची वार्ता सांगून सर्वांना उभे राहण्याची विनंती केली. खेळ चालू ठेवणे आता शक्य नाही, एवढेच ते पुढे बोलले. खेळ चालला पाहिजे, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. तो त्या रात्री त्यांनी मोडला.

बाकीची वर्षे भराभर सांगता येतील. १९६१ साली वादकांच्या वेतनाचा तंटा इतका चिघळला, की राष्ट्राध्यक्ष केनेडींनी मजूरमंत्र्यांना लवादासाठी धाडले. १९६५ च्या डिसेंबरात ‘आयदा’साठी वाद्यवृंदापुढे उभा राहिला तो आपल्या मुंबईचा एकोणतीस वर्षांचा झुबिन मेहता. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत आणि झेव्हियर्स महाविद्यालयात शिकलेला हा पारशी मुलगा १९५४ साली संगीत शिकायला गेला तो व्हिएन्नालाच, बिंग यांच्या गावी. त्याच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, मुंबईत वाद्यवृंद उभारला त्या काळात मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा असे. झुबिनच्या कानावर बालपणी पडलेल्या सुरांत त्यांच्याही व्हायोलिनांचे सूर होते. १९६६ साली बिंग जुने घर सोडून लिंकन सेंटरमधील नव्या, अडतीसशे आसनांच्या वास्तूत आले. उद्घाटनाच्या तालमीतच फिरता रंगमंच बिघडून बसला. टीकाकार म्हणत, बिंग नवे संगीत आणत नाहीत, नामवंत संचालकांशी त्यांचे पटत नाही, गायकांना ते नोकरासारखे वागवतात. यांतले बरेच खरे होते. १९७१ साली त्यांना ब्रिटनच्या राणीकडून ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि १९७२ च्या एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. पत्नी नीना, एके काळची रशियन नर्तकी, १९८३ साली वारली. बिंग यांची स्मृती ढळू लागली. पंच्याऐंशीव्या वर्षी, काय करीत आहोत याचे धड भान नसताना, त्यांचे एक लग्न लागले, आणि न्यायालयाला ते दोन वर्षांनी रद्द ठरवावे लागले. वर्तमानपत्रांनी त्याचे जे धिंडवडे काढले ते इथे पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. पैसा सरला होता. तेव्हा धावून आल्या त्या दोन गायिका, टेरेसा स्ट्राटास आणि रॉबर्टा पीटर्स. दोघींनाही तरुणपणी रंगमंचावर आणले होते बिंग यांनीच. त्यांनी खटपट करून न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागातील ज्यू वृद्धाश्रमात त्यांची सोय लावून दिली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये एडिनबरोने आपल्या महोत्सवाची पन्नाशी साजरी केली, किल्ला उजळला, अशर हॉल भरला. ज्याने पहिला महोत्सव मांडला तो तेव्हा रिव्हरडेलला होता, आणि एडिनबरो हे नावही त्याच्या स्मरणातून बहुधा पुसले गेले होते.